फागू काकांच्या बेड्या

आमच्या नाटक मंडळात नट पुष्कळ आहेत, पण ज्याच्यावाचून प्रयोग उभा राहत नाही असा माणूस एकच, आणि त्याचं नाव जाहिरातीत कधी छापलं जात नाही. फागू मडावी. केशोरीपासून चार किलोमीटरवर, जंगलाला लागून त्यांची टोली, म्हणजे छोटी वस्ती, आहे. थोडी धानाची शेती, दोन बैल आणि घरी फुलवंता काकी. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, मंडई म्हणजे जत्रा आणि जत्रा म्हणजे नाटक. तिथपासून होळीपर्यंत काका आमच्याबरोबर हिंडतात, आणि त्यांच्याबरोबर एक हिरवी लोखंडी पेटी. तिच्यात तलवारी, बंदुका, दारूच्या रिकाम्या बाटल्या, न्यायाधीशाचा हातोडा, राजाचा मुकुट आणि दोन जोड बेड्या असतात.

मी गुंजन. या मंडळात अकरा वर्षं झाली. नायिका म्हणून आले, आता नायिकेची मोठी बहीण होते, आणखी दोन-तीन हंगामांत तिची आई होईन. त्याचं मला काही वाटत नाही, आईला संवाद चांगले असतात. मूळची मी गोंदिया शहरातली, त्यामुळे तोंडात अर्धी हिंदी आणि जिभेला लगाम कमी. ही गोष्ट सांगायची की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. माझा नवरा रूपेश म्हणाला, सांग, फक्त काकांबद्दल नीट सांग.

तर बेड्या. एक जोड नाटकी आहे. तिला बाजूला छोटा खटका आहे, तो दाबला की किल्लीशिवाय उघडते. दुसरी खरी. पुढच्या रांगेत बसणाऱ्यांना खोट्या बेडीचा पोकळ आवाज लगेच कळतो आणि ते ओरडून सांगतात, म्हणून निर्मात्यानं नागपूरहून मागवलेली. इतर मंडळांत पोलीस येतो, खट्ट करून बेडी लावतो, पडदा पडतो. आमच्याकडे तसं चालत नाही. काका आधी मनगट आणि बेडी यांच्यामध्ये आपली करंगळी घालून बघतात. मग किल्लीच्या टोकानं बेडीवरची बारीक पिन आत दाबतात. ही पिन दाबली नाही तर बेडीचे दाते पुढेच सरकत राहतात, मागे येत नाहीत. हात टेकला, आपटला, अंग टाकलं की आणखी एक दाता आवळतो. पिन दाबली की बेडी जिथल्या तिथं राहते. किल्ल्या दोन, एक काकांच्या करदोड्याला आणि दुसरी प्रयोगापुरती विंगेतल्या खिळ्याला, एरवी दोन्ही त्यांच्याकडेच. बेडी घातलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, तो लघवीला गेला तरी कोणीतरी बरोबर. हात पाठीमागे बांधले असतील तर त्या माणसानं स्टेजवर पडायचं नाही, मग दिग्दर्शक काहीही म्हणो. आणि रंगात आलेला नट असो की चिडलेला, विंगेत काका दिसले की त्यानं त्यांना अंगठा हलवून दाखवायचा.

सगळे वैतागायचे. मीसुद्धा. एका बेडीसाठी एवढं सोवळं कशाला, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे.

सगळ्यात गमतीचा भाग शब्दाचा. नाटकातला कैदी संवादातच ओरडत असतो, सोडा मला, सोडा. मग त्याला खरंच सोडायला हवं आहे हे विंगेतल्या माणसाला कळणार कसं? म्हणून काकांनी एक शब्द ठरवून दिला होता जो कोणत्याही नाटकात येत नाही. लाखोरी. आमच्याकडे धान निघाल्यावर त्याच बांधीत, म्हणजे शेतात, पेरतात ती डाळ. एका गावात ऐन कोर्टाच्या प्रसंगात आमचा खलनायक रडत रडत "लाखोरी" म्हणाला आणि काका गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेले तसेच स्टेजवर गेले, बेडी उघडली आणि परत आले. न्यायाधीश बघतच राहिला. लोकांना वाटलं, हा जेलर. टाळ्या पडल्या.

आता आमच्या दोघांचं. रूपेश मंडळात ढोलकी वाजवतो. केशोरीचाच. तो सदतीस वर्षांचा, मी पस्तीस, लग्नाला नऊ वर्षं झाली. तीन हंगामांपूर्वी मी एका नाटकात इन्स्पेक्टरबाई होते. तालमीला चोर आला नाही म्हणून रूपेशला चोर म्हणून उभं केलं. मी त्याला बेडी घातली, तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी संवाद विसरले. घरी आल्यावर दोघंही गप्प. तिसऱ्या दिवशी त्यानंच विषय काढला, चाचरत, भाकरी मोडता मोडता. मला हसू आलं, पण चेष्टेचं नाही. मलाही तेच बोलायचं होतं आणि हिंमत होत नव्हती.

ज्यांना नाकं मुरडायची असतील त्यांनी मुरडावीत. चार-पाच महिने रात्रीच्या रात्री ज्याचे दोन्ही हात चालत असतात, त्याला कधीतरी हात बांधून निवांत पडावंसं वाटलं तर मला त्यात नवल वाटत नाही. आणि मला, जिला स्टेजवर कायम कोणीतरी ओढून नेत असतं, एकदा तरी किल्ली आपल्या हातात असावी असं वाटलं तर त्यातही नाही. दोघांच्या मर्जीचा मामला होता. आधी आम्ही माझी ओढणी वापरायचो. सैल गाठ, एका झटक्यात सुटणारी, बैलाला बांधतात तशी. काही बिघडलं नाही, म्हणून डोक्यात हवा गेली.

गेल्या दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तालीम आमच्या अंगणात सुरू होती, त्यामुळे पेटी आमच्या घरी होती. सासूबाई, सुशिलाबाई, नवेगावला बहिणीकडे गेल्या होत्या. दुपारची वेळ. रूपेशनं पेटीतून बेडी काढली. दोन जोड होते, दिसायला सारखे. एकाला लाल दोरा बांधलेला. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या सामानाची पूजा होते, त्याच्या ढोलकीलाही त्या दिवशी तसाच दोरा होता. त्याला वाटलं, पूजेच्या ताटात ठेवली ती रोजची नाटकी बेडी. काकांनी तो दोरा वेगळ्याच कारणासाठी बांधला होता. ही खरी आहे, मला विचारल्याशिवाय हात लावू नका, असा त्याचा अर्थ. तो मंडळातल्या नटांना ठाऊक होता, मलाही, पण त्याच्या हातातून बेडी घेताना मी दोऱ्याकडे बघितलंच नाही. ढोलकीवाल्याला कोण कशाला सांगेल?

लोखंडी पलंगाच्या दांडीतून साखळी ओवली आणि मी त्याच्या दोन्ही मनगटांना बेड्या लावल्या. करंगळी घालून पाहिली नाही. पिन दाबली नाही, कारण खटक्याची बेडी आहे तर पिन कशाला? हसत होतो दोघंही. मग तो मागे रेलला, अंग हातांवर आलं आणि दाते सरकले. तो म्हणाला, सोड. मी हसले. तो पुन्हा म्हणाला. मी इन्स्पेक्टरबाईच्या आवाजात उत्तर दिलं. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा तो सोड म्हणालाच नाही, नुसतं माझं नाव घेतलं, आणि तेव्हा मी त्याचा चेहरा पाहिला.

ते चार वेळाचं हसणं माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

मी खटका शोधायला लागले. खटका असता तर सापडला असता. मी दाबत गेले तशी उजव्या हाताची बेडी आणखी एक घर आवळली. त्याचा हात लालसर, मग निळसर व्हायला लागला. रूपेश म्हणाला की खुशालला बोलाव. खुशाल आमच्या गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगचं दुकान चालवतो, त्याच्याकडे लोखंड कापायचं मशीन आहे. पण त्या मशीनच्या ठिणग्या मला माहीत होत्या, आणि मनगट आणि बेडी यांच्यात कागद शिरेल एवढीही जागा उरली नव्हती. खुशालचं तोंडही माहीत होतं. संध्याकाळपर्यंत ही बातमी तालुक्याला, अर्जुनीला पोहोचली असती. खरं सांगते, त्या क्षणी मला दोन्ही भीती सारख्याच वाटल्या, आणि याची मला लाज वाटते.

मी फागू काकांना फोन लावला. त्यांचा फोन नेहमी काकीकडे असतो. रचून सांगायला वेळ नव्हता आणि डोकंही चालत नव्हतं. मी सरळ सांगितलं की काकी, रूपेशला मी बेडी लावली, खरी निघाली, उघडत नाही, काकांची चाबी पाहिजे. मग काकी म्हणाल्या, "हात कसा आहे?"

एवढंच विचारलं त्यांनी. का लावली, कशाला लावली, काही नाही. मी रंग सांगितला. त्यांनी काकांना हाक मारली, ते बांधीवरून तसेच सायकलवर निघाले. काकींनी फोन ठेवला नाही. त्याला बसता कर म्हणाल्या, हात लटकू देऊ नको, हाताखाली उशी घाल, आणि वढू देऊ नको, वढलं का आणखी आवळते. तिथून हलू नको, पाणी आणायलाही जाऊ नको. मी तसं केलं. शर्ट घालता येईना म्हणून त्याच्या खांद्यावर चादर टाकली. पंचवीस मिनिटं मी त्याची मनगटं उशीवर धरून बसले होते. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

काका आले. दारातून आत येताना त्यांनी पायातल्या चपलाही काढल्या नाहीत, जे त्यांनी कधी केलेलं नाही. करदोड्याची किल्ली काढली, आधी उजवी बेडी उघडली, मग डावी. मनगटाभोवती खोल वळ उमटला होता. काकांनी एकेक बोट दाबून पाहिलं. नखं गुलाबी झाली तेव्हा ते खाली बसले. मग अंगठ्याच्या मागच्या बाजूवरून, मनगटाकडून नखाकडे, बोट फिरवलं आणि विचारलं की कळते का. रूपेशनं मान हलवली. कळत नव्हतं.

मला वाटलं, आता काका बोलतील. आमच्या भागात एवढ्या गोष्टीवर किती बोललं जातं हे मला माहीत आहे. मी मान खाली घालून तयार होते. काका चिडले होतेच, कपाळावरची शीर दिसत होती. पण ते चिडले होते वेगळ्यावर.

"पिन काऊन नाही दाबली?" ते म्हणाले.

मी म्हटलं, नाटकी वाटली.

"आन् तो बोलला नाही का, सोड म्हनून?"

मी सांगितलं. चार वेळा बोलला. मला वाटलं, तो खेळातच म्हणतो आहे.

काकांनी बेड्या उचलून पेटीत टाकल्या. मग हळू आवाजात म्हणाले, "ह्याच्याचसाठी तर शब्द देला होता, बाई. तुमच्या घरातलं तुमचं, मले त्यात काही बोलाचं नाही. पन बेडी हे बेडी होय. स्टेजवर असो का पलंगावर."

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती. कशानं झालं विचारलं, रूपेशनं सांगितलं, बेडीनं. तिनं मला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लोटलं. मला राग आला. बाकावर बसून मी मनातल्या मनात तिला काय काय सुनावलं. मग लक्षात आलं की ती त्याला विचारत असणार, तुमच्यावर कोणी जबरदस्ती तर करत नाही ना. एखाद्या बाईच्या मनगटावर असा वळ दिसला असता तर मीही नवऱ्याला बाहेरच काढलं असतं. पाच मिनिटांनी तिनं मला आत बोलावलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं की अंगठ्यामागून जाणारी नस दाबली गेली आहे, तुटलेली नाही. परत येईल. आठवडे लागतील, कधीकधी महिनेही लागतात. हात हलता ठेवा, वळावर घट्ट काही बांधू नका, आणि बोटं वाकवायला त्रास झाला तर लगेच या. शेवटी ती म्हणाली, झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेऊन असलं काही करू नका. आमच्या दोघांच्या माना एकदम हलल्या.

भाऊबीजेला पहिला प्रयोग होता. अठरा दिवस हातात. ढोलकीवर रूपेशचा उजवा हात बारीक बोल वाजवतो, आणि त्याचा अंगठा कडेला टेकलेला असतो. अंगठा हलत होता, पण कुठं टेकला आहे हे त्याला कळत नव्हतं. बघून वाजवायचा आणि चुकायचा. निर्मात्यानं दुसरा ढोलकीवाला बघून ठेवला. रूपेशला वाजवण्याशिवाय दुसरं काही येत नाही, शेतही नाही. आणि हे माझ्या हातानं झालं होतं.

तिथून काका रोज सकाळी यायला लागले. चार किलोमीटर सायकल. हातात धानाची एक लोंबी. अंगणात रूपेशला डोळे मिटायला सांगायचे आणि लोंबीच्या कुसांनी अंगठा, मनगट, तळवा हळूच चाचपायचे. कुठं लागलं ते रूपेशनं दुसऱ्या हातानं दाखवायचं. जिथं कळायचं नाही त्याच्या कडेनं काका पेनानं रेघ मारायचे. पहिल्या दिवशी ती रेघ मनगटापासून अंगठ्याच्या नखापर्यंत होती. चार दिवस ती तशीच राहिली. पाचव्या दिवशी मनगटाकडून गव्हाच्या दाण्याएवढी आत आली. काकांनी मला हाक मारून दाखवली. मी चुलीवरचं दूध विसरले.

सासूबाई परत आल्या होत्या. त्यांना सांगितलं होतं की तालमीत बेडी अडकली. त्यांनी फागू काकांना चहा देताना विचारलं की अशी कशी अडकली जी. काका म्हणाले, पिन दाबाची राहिली. यात खोटं एक अक्षर नव्हतं. तरी मला वाटतं सासूबाईंना सगळं कळलं होतं, कारण त्या दिवसापासून त्या नवेगावला जाताना किती दिवसांनी येणार ते आधी सांगून जातात.

एका सकाळी रूपेश आंघोळीला गेला होता. मी काकांना विचारलं, तुम्ही एवढं कशासाठी करता? त्यांनी लोंबी मांडीवर ठेवली आणि एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. गुलाबचंद नावाचा नट होता मंडळात, मोठा गुणी. कैद्याचं काम करायचा. काका तेव्हा नवीन होते. त्यांनी बेडी लावली, पिन वगैरे त्यांना ठाऊकच नव्हती. किल्ली इन्स्पेक्टर झालेल्या नटाच्या खिशात. तो नट आपला प्रवेश संपवून त्याच रात्री दुसऱ्या गावच्या प्रयोगाला मोटारसायकलवर निघून गेला, किल्लीसकट. गुलाबचंद सकाळपर्यंत तसाच बसून होता, हात पाठीमागे, भिंतीला टेकून. त्याचाही अंगठा बधिर झाला. हंगाम त्यानं कसाबसा काढला आणि पुढच्या वर्षी आला नाही. कधीच आला नाही. त्यानंतर काका एका निवृत्त हवालदाराकडे जाऊन बेडीची सगळी भानगड शिकून आले.

"मी लावली होती," काका म्हणाले. "लावली आन् जेवाले गेलो. मानसं चाळीस होते तिथं, पन त्याले कोनी विचारलं नाही का बापा, हात कसा आहे. मीबी नाही. मले वाटे, मोठा नट आहे, रागावन. आता कोन्या तोंडानं जाऊ त्याच्याकडे? त्याचा अंगठा मी खाल्ला."

मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले की तुझा मानूस तुझ्या घरात आहे. त्याच्याकडे जायला तुला सायकल मारावी लागत नाही. तू बोल त्याच्याशी.

त्या दुपारी मी बोलले. मी रूपेशपुढं बसले आणि म्हणाले की तू चार वेळा सोड म्हणालास आणि मी हसले. मला माफ कर. मला भीती वाटते की तू आता तुझा हात पुन्हा माझ्या हातात देणार नाहीस, आणि नाही दिलास तरी ते बरोबरच आहे. मी रडले, स्टेजवर रडते तसं छान नाही, नाक लाल होतं तसं.

तो बराच वेळ ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसला. मग म्हणाला, "हात दुखून राहिला होता त्याचं मले भेव नव्हतं. भेव हे वाटे, का तू लाजंपायी कोनाले बोलावशीलच नाही. तू पयल्याच मिनटाले फोन लावला. मंग माझं भेव गेलं."

भाऊबीजेपर्यंत बधिर जागा चण्याएवढी उरली, अंगठ्याच्या मागे. रूपेशनं प्रयोग वाजवला. दोनदा हात घसरला, ते मला, त्याला आणि काकांना कळलं. निर्मात्यानं दुसऱ्या ढोलकीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मार्गशीर्षात ती चण्याएवढी जागाही गेली.

पुढचं लपवत नाही. ज्या दिवशी काकांनी शेवटची रेघ पुसली त्याच दिवशी त्यांनी पिशवीतून एक बांधलेलं फडकं काढून माझ्यापुढं ठेवलं आणि अंगणातल्या झाडाकडे बघत बोलायला लागले. फडक्यात दोन रुंद पट्टे होते, जुन्या शेल्याची तीन पदरी घडी करून काकींनी शिवलेले, लाकडी बटणाचे, ओढलं की सुटणारे. लोखंड अंगावर भार घेत नाही, काका म्हणाले, लोखंड फक्त दाखवायला. ज्याला रेलायचं आहे, ओढायचं आहे, त्यानं कापड वापरावं. लोखंडच हवं असेल तर पिन, करंगळी, दोन चाब्या हाताशी आणि पंधरा मिनिटांच्या वर नाही, मधूनमधून अंगठा. मुंग्या आल्या तर खेळ तिथंच संपला. आणि शब्द स्वतःचा ठरवा, माझा घेऊ नका, तो स्टेजचा आहे. हे सगळं बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. चहा न घेताच ते निघून गेले. आम्ही आमचा शब्द ठरवला. तो तुम्हाला सांगणार नाही. पहिल्या वेळी रूपेशनं काहीही होत नसताना तो मुद्दाम म्हणून पाहिला, आणि माझे हात तो शब्द पुरा व्हायच्या आत पोहोचले. तो इतका हसला की मलाही हसू आलं. बेडीच्या त्या दुपारनंतर मी पहिल्यांदा मोकळी हसले.

माझं काम झालं होतं, पण काकांचं राहिलं होतं. मी त्यांच्या मागेच लागले. काकीही लागल्या. पौषात दोन प्रयोगांच्या मधे एक मोकळा दिवस आला, तेव्हा रूपेशनं काकांना मोटारसायकलवर बसवलं, मी मंडळाच्या दुसऱ्या गाडीवर. गुलाबचंद प्रतापगडच्या पायथ्याशी एका गावात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो एवढंच कळलं होतं. वाटेत काकांनी दोनदा गाडी थांबवायला लावली. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच.

दुकान म्हणजे एक टिनाची शेड. केस पांढरे झालेला एक उंच माणूस पाटावर बसून चाकाच्या तारा आवळत होता. उजव्या अंगठ्यानं एकेक तार छेडायचा, आवाज ऐकायचा आणि चावी फिरवायचा. काका शेडच्या बाहेर उभे राहिले. आत येईनात. त्यांची नजर त्या अंगठ्यावर होती.

गुलाबचंदनं वर पाहिलं. ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

काकांनी सांगायचा प्रयत्न केला. बेडी मी लावली होती, मी जेवायला गेलो, तुमचा अंगठा. पुढचं त्यांना बोलता येईना. गुलाबचंदनं चाक बाजूला ठेवलं आणि हात पँटला पुसले.

"अंगठा तर त्याच साली पावसाच्या आधी बरा झाल्ता जी," तो म्हणाला. "मी वाट पाहून राहिलो होतो, का मंडळातून कोनी विचाराले येते. दोन हंगाम पाह्यली वाट. मंग हे दुकान टाकलं."

काका तिथंच, शेडच्या उंबऱ्यावर, मातीत बसले. एकोणीस वर्षं ते ज्या अंगठ्यासाठी झुरले तो केव्हाच बरा झाला होता. त्या माणसाला मात्र कोणीतरी नुसतं एकदा विचारायला हवं होतं, आणि ते चार कोसांवर राहून गेलं होतं. मी रूपेशचा हात धरला. कोणी बघत असेल याची मला पर्वा नव्हती.

मग काकांनी मान वर करून विचारलं, "आता कसा आहे हात?"

गुलाबचंदनं हात त्यांच्यापुढं धरला. काकांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही.